बाहेरच्या लॅबमध्ये अ‍ॅसे सतत कमी का येतो? मेथड ट्रान्सफर अडकल्यावर शोध कुठून सुरू करायचा

मेथड ट्रान्सफर म्हणजे आपली तपासणीची पद्धत दुसऱ्या लॅबकडे सोपवून तिथेही तोच निकाल येतो हे दाखवणं. ते अडकल्याचं लक्षण ठरलेलं असतं. आपल्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) टॅब्लेटचा अ‍ॅसे (लेबलवर लिहिलेल्याच्या किती टक्के औषध आहे तो आकडा) ९९.५ टक्क्यांच्या आसपास. तीच बॅच, तीच मेथड, आणि बाहेरच्या लॅबकडून आकडे येतात ९७.४, ९७.६, ९७.७. सिस्टिम सुटेबिलिटी (मशीन मोजणीला योग्य आहे का याची चाचणी) दोन्हीकडे पास. त्यांचा आरएसडी (आकड्यांचा आपसातला विखुरलेपणा) तर आपल्यापेक्षा चांगला. प्रोटोकॉलमध्ये दोन सरासऱ्यांतल्या फरकाची मर्यादा २.० टक्के लिहिलेली, त्यामुळे ट्रान्सफर अगदी काठावर लोंबकळत राहते. मग फोन जातो, "सर, परत एकदा लावून बघता का?" परत लावल्यावर कधी जुळतं, कधी नाही. जुळलं की रिपोर्टवर सह्या होतात, फाइल कपाटात जाते आणि काही महिन्यांनी एखादी चांगली रुटीन बॅच तिकडे ओओएस (ठरलेल्या मर्यादेबाहेर) येते. मग पुन्हा तेच फोन.

भोसरी, चाकण, पिरंगुट, हिंजवडी या पट्ट्यात औषधं बनवणारे आणि ती तपासून देणारे दोघंही आहेत, त्यामुळे हे दुखणं पुण्यात बऱ्याच जणांच्या ओळखीचं असणार. इथे मेथड एचपीएलसीची धरली आहे: पंपाने द्रावण कॉलम नावाच्या नळीतून ढकलून घटक वेगळे करायचे आणि आलेखावरच्या उंचवट्यांवरून, म्हणजे पीकवरून, मोजायचे. खालचं सगळं मुख्यतः मेथड पाठवणाऱ्या बाजूसाठी आहे. घेणाऱ्या लॅबमधल्या मंडळींनी वाचलं तर त्यांना थोडं बरं वाटेल, कारण माझं मत असं आहे की निम्म्याहून जास्त वेळा गडबड पाठवणाऱ्याच्या टेबलावर निघते.

परत लावू नका

सहाच्या सहा नमुने अर्ध्या टक्क्याच्या आत बसत असतील, तर तिथला अ‍ॅनालिस्ट हलगर्जी नाही. तो तेच काम सहा वेळा त्याच पद्धतीने करतोय आणि ती पद्धत कुठेतरी आपल्यापेक्षा वेगळी आहे. सातव्यांदा लावून ते कळणार नाही. शिवाय पास होईपर्यंत लावत राहणं ऑडिटमध्ये महागात पडतं. अमेरिकेच्या औषध नियामकाची, म्हणजे एफडीएची, ओओएसवरची २००६ सालची मार्गदर्शिका मे २०२२ मध्ये सुधारून पुन्हा आली, आणि तिला या सवयीचंच वावडं आहे. डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याची नोंद) उघडा, मूळ आकडे जसेच्या तसे नोंदीत राहू द्या, मग शोधायला लागा.

शोधायच्या आधी आकड्यांकडे शांतपणे बघा. आकडे घट्ट पण सरकलेले असतील तर कारण एकच आणि कायमचं आहे: स्टँडर्डची (ज्याच्याशी तुलना करतो त्या पदार्थाची) पोटन्सी, म्हणजे त्यातल्या खऱ्या औषधाचं प्रमाण, गणिताचं सूत्र, फिल्टर, फ्लास्कवरच्या मार्कपर्यंत भरायची पद्धत, यांपैकी काहीतरी. आकडे विखुरलेले असतील, म्हणजे ९६ पासून १०० पर्यंत कुठेही, तर एक्स्ट्रॅक्शन (गोळीतलं औषध द्रावणात उतरवणं) अर्धवट होतंय किंवा नमुनाच एकजीव नाही. अ‍ॅसे जुळतोय पण इम्प्युरिटीचे पीक भलतीकडे दिसताहेत, तर पंप, कॉलम किंवा बफरकडे (ठरावीक पीएचच्या द्रावणाकडे) जा. ही विभागणी ढोबळ आहे, पण निम्मे फाटे इथेच छाटले जातात.

आणि एक गृहीतक इथेच सोडून द्या: आपला आकडा खरा, त्यांचा चुकलेला. व्हॅलिडेशन (मेथड भरवशाची आहे हे सिद्ध करणं) आपण केलं म्हणून आपलं बरोबर, असं होत नाही. व्हॅलिडेशन ज्या हातांनी झालं त्या हातांच्या सवयी मेथडच्या कागदावर उतरलेल्या नसतात. बाहेरची लॅब मात्र कागदच वाचते.

अदलाबदल करून बघा

नमुना तोलण्यापासून रिपोर्टपर्यंतची साखळी लांब आहे. ती सबंध पुन्हा चालवण्यापेक्षा एका जागी तोडायची, तिथून पुढचं काम दुसऱ्या लॅबने करायचं आणि फरक कुठल्या तुकड्याबरोबर जातो ते बघायचं. दोन्ही लॅब पुण्यात असतील तर हे फारच सोपं आहे आणि तरीही फार कमी लोक करतात. भोसरी ते पिरंगुट गाडीने जाता येतं. आपण मात्र पंधरवडाभर ईमेल खेळत बसतो.

सगळ्यात स्वस्त अदलाबदल डेटाची. त्यांच्या क्रोमॅटोग्रामच्या (मशीनने काढलेल्या आलेखांच्या) कच्च्या फाइल्स मागवा. सॉफ्टवेअर एकच असेल तर आपल्या प्रोसेसिंग मेथडने चालवा, नसेल तर बेसलाइनसकट छापलेले, मोठे केलेले क्रोमॅटोग्राम समोर ठेवा. आपले त्यांना द्या. टेलिंग असलेल्या पीकची शेपूट कुठे कापली, शेजारच्या छोट्या पीकला उभी रेघ मारून वेगळं केलं की तिरकी, ब्लँकचा (औषध नसलेल्या द्रावणाचा) पीक वगळला की नाही, हे अर्ध्या दिवसात कळतं. त्याच बैठकीत दोन्हीकडचं एक्सेल किंवा लिम्समधलं (लॅबच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमधलं) सूत्र हाताने सोडवून बघा. डायल्युशन फॅक्टर, सॉल्ट ते बेसचा गुणक, सरासरी वजन आणि पोटन्सी. पोटन्सीबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, कारण तिथे खरंच पाणी मुरतं.

दुसरी अदलाबदल व्हायलची, म्हणजे मशीनवर लावायच्या छोट्या बाटल्यांची. आपल्याकडे तयार झालेली स्टँडर्ड आणि सॅम्पल सोल्यूशन्स त्यांच्या मशीनवर लावायची, त्यांची आपल्या मशीनवर. सोल्यूशन स्टॅबिलिटी किती तासांची सिद्ध झाली आहे ते आधी बघा आणि त्यात चांदणी चौकातली वाहतूकही धरा. सकाळी लवकर निघालेलं बरं. एक जोडी व्हायल नुसती जाऊन-येऊन प्रवासाला पाठवायची आणि परत आल्यावर आपल्याच मशीनवर लावायची. प्रवासात काही बिघडतं का याचं उत्तर तीच देते. नाहीतर फरक दिसला की दोन्ही बाजू उन्हाला दोष देऊन मोकळ्या होतात.

व्हायल बदलूनही आकडा तयार करणाऱ्याबरोबर गेला, म्हणजे त्यांची सोल्यूशन्स आपल्या मशीनवरही ९७.६ दाखवतात, तर क्रोमॅटोग्राफी निर्दोष आहे. कॉलम, पंप, डिटेक्टर यांच्यावरचा वेळ वाचला. आकडा मशीनबरोबर राहिला तर सॅम्पल प्रिपरेशन सुटलं. सॅम्पल एकाचं आणि स्टँडर्ड दुसऱ्याचं अशी जोडी लावली की दोघांपैकी चोर कोण तेही कळतं.

तिसरी अदलाबदल पावडरची, आणि खरं तर ही ट्रान्सफर सुरू व्हायच्या आधीच करायला हवी. वीस गोळ्या इथे कुटल्या आणि वीस तिथे, तर दोन लॅबचा फरक मोजतोय की दोन मुठींचा, हे कळायला मार्ग नाही. एकाच ठिकाणी कुटून, चाळून, नीट मिसळून, हवाबंद बाटल्यांत दोन वाटे करा.

चौथी माणसांची. आपला अ‍ॅनालिस्ट तिकडे पाठवा, पण काम करायला नाही, बघायला. आणि त्यांचा आपल्याकडे बोलवा, तोही बघायलाच. दुसऱ्या भागाला आपले क्यूए (गुणवत्ता हमीवाले) हमखास नाक मुरडतात. तरी करा. त्यांच्या माणसाने विचारलेल्या पहिल्या दहा प्रश्नांपैकी निम्म्यांचं उत्तर मेथडमध्ये नसतं.

सॅम्पल प्रिपरेशन: इथेच जास्त वेळ द्या

सॉनिकेशन म्हणजे ध्वनिलहरींच्या बाथमध्ये फ्लास्क ठेवून औषध विरघळवणं. त्यावरून एक नमुनेदार संवाद. तिकडून फोन येतो: "मॅडम, सॉनिकेशन झाल्यावर फ्लास्क थंड करायचा का? मेथडमध्ये नाहीये." इकडून उत्तर: "अहो, पंधरा मिनिटं सॉनिकेट करा आणि मार्कपर्यंत भरा, एवढंच आहे." दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, पण गणित बघा. मिथेनॉल दहा अंशांनी तापला की त्याचं आकारमान साधारण १.२ टक्क्यांनी वाढतं. ॲसिटोनायट्राइलचं याहून थोडं जास्त, पाण्याचं फक्त पाव टक्का. सॉनिकेटरमधून बाहेर आलेला ३५ अंशांचा फ्लास्क तसाच मार्कपर्यंत भरला, तर तो २५ अंशांवर आल्यावर पातळी मार्कच्या खाली जाते आणि सोल्यूशन तेवढं तीव्र होतं. अ‍ॅसे एक-सव्वा टक्का जास्त. स्टँडर्ड मात्र दोन मिनिटांत विरघळतो, त्याचा फ्लास्क तापतच नाही, त्यामुळे ही चूक भागाकारात कापली जात नाही. आता समजा बाहेरच्या लॅबची एसओपी (लिखित कार्यपद्धती) सांगते की मार्क करण्याआधी सोल्यूशन खोलीच्या तापमानाला आणा. त्यांचा आकडा खाली येणारच, आणि बरोबर तोच आहे.

याचा उलटा प्रकारही होतो. ॲसिटोनायट्राइल आणि पाणी मिसळलं की मिश्रण गार पडतं. घाईत गारच मार्क केलं तर नंतर ते फुगतं आणि सोल्यूशन पातळ होतं. मिथेनॉल-पाणी उलट तापतं. मेथडमध्ये एक ओळ घाला: "खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग मार्कपर्यंत भरा." या एका ओळीने बरेच वाद मिटतात.

सॉनिकेटरबद्दलही मेथड गप्प असते. बाथमधल्या पाण्याची पातळी फ्लास्कमधल्या द्रवाइतकी आहे का, एका वेळी चार फ्लास्क ठेवले की बारा, मध्ये-मध्ये हलवले का, आणि पाणी किती तापलंय, यावर पंधरा मिनिटांचा अर्थ बदलतो. तपासणी सोपी आहे. त्याच नमुन्याला तिकडे १५, ३० आणि ४५ मिनिटं द्या. आकडा वेळेबरोबर चढत असेल तर त्यांचं एक्स्ट्रॅक्शन अर्धवट होतंय, आणि खरं तर मेथडच काठावर आहे. आपल्याकडे आकडा चढत नाही याचा अर्थ इतकाच की आपला बाथ जास्त जोरदार आहे. अशा वेळी सॉनिकेटरऐवजी शेकर, ठरलेले फेरे आणि ठरलेला वेळ, हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो. कोटेड गोळ्या अख्ख्या टाकत असाल तर आधी थोडं पाणी घालून फुटू द्यायच्या आणि मग ऑरगॅनिक घालायचं, हेही बहुतेकदा फक्त आपल्या माणसाच्या डोक्यात असतं.

फिल्टर. "०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा" एवढं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं आहे. नायलॉनवर काही औषधं चक्क चिकटून बसतात. पीव्हीडीएफ किंवा पीटीएफईवर तीच बसत नाहीत. पहिले किती मिलिलिटर टाकून दिले यावरही आकडा हलतो. पाच ट्यूब घ्या, एकाच सिरिंज फिल्टरमधून एकेक मिलिलिटर वेगवेगळ्या ट्यूबमध्ये गाळा, सोबत न गाळता सेंट्रिफ्यूज केलेला नमुना लावा. पहिल्या ट्यूबमध्ये एरिया कमी आणि तिसऱ्या-चौथ्यापासून सेंट्रिफ्यूजशी जुळला, तर उत्तर मिळालं. मटेरियल आणि टाकून द्यायचं प्रमाण दोन्ही मेथडमध्ये लिहा. कमी तीव्रतेच्या सोल्यूशनमध्ये, म्हणजे डिझोल्यूशन (गोळी किती विरघळते याची चाचणी) किंवा इम्प्युरिटीत, हा फरक जास्त ठळक दिसतो.

तोलणं. मेथड दहा मिलिग्रॅम स्टँडर्ड तोलायला सांगते, आणि आपल्याकडे पाच दशांश स्थळांचा तराजू आहे म्हणून कोणाला काही खटकत नाही. यूएसपीच्या (अमेरिकी फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधसंहितेच्या) ४१ व्या प्रकरणाच्या निकषाने ०.१ मिलिग्रॅम वाचनाच्या तराजूवर किमान वजन ८२ मिलिग्रॅमच्या खाली जाऊच शकत नाही, आणि ०.०१ मिलिग्रॅमच्या तराजूवर ८.२ च्या खाली. हा आदर्श स्थितीतला आकडा. प्रत्यक्षात तो वरच असतो. तिकडे स्टँडर्ड कुठल्या तराजूवर तोलला हे नोंदवहीत बघा, तोंडी विचारू नका. साधं नियोजन म्हणजे वजन आणि फ्लास्क दोन्ही मोठे करणं.

स्टँडर्डच्या बाटलीतलं पाणी

वर्किंग स्टँडर्डच्या लेबलवर पोटन्सी ९९.८ टक्के. पण कशावर? जसा आहे तसा, की सुकवलेल्या किंवा निर्जल आधारावर? दुसरं असेल तर वापरायच्या दिवशीचं पाणी मोजून वजा करायचं असतं. एका लॅबने वजा केलं आणि दुसरीने नाही केलं, तर तीन टक्के पाणी असलेल्या पदार्थात तीन टक्क्यांचा फरक तयारच आहे. सर्टिफिकेट पाठवताना ही गोष्ट पेनाने गोल करून पाठवावी, इतकी ती चुकते.

दुसरा प्रकार जास्त लबाड आहे. ट्रान्सफर फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, कोरड्या हवेत, सगळं जुळलं. जुलैत पुण्याची हवा ओली होते, पाणी शोषणारा स्टँडर्ड रोज उघडला जाणाऱ्या बाटलीत ओला होत जातो. ओल्या स्टँडर्डमध्ये खरं औषध कमी, म्हणून त्याचा एरिया कमी, म्हणून त्याच्याशी तुलना केलेलं सॅम्पल जास्त दिसतं. म्हणजे ज्या लॅबची बाटली ओली, तिचा अ‍ॅसे वर. बाहेरच्या लॅबने नुकतीच नवी बाटली फोडली असेल आणि आपण जुनीच उघडत असू, तर "त्यांचा कमी येतोय" या तक्रारीचं मूळ आपल्या डेसिकेटरमध्ये आहे.

पडताळणी कार्ल फिशरवर (पाणी मोजायच्या मशीनवर), पण त्या मशीनचीही आधी परीक्षा घ्या. सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेटमध्ये पाणी १५.६६ टक्के असतं. दोन्ही लॅबनी तोच एक लॉट लावून बघावा. ड्रिफ्ट (मशीनमध्ये आपोआप शिरणारं पाणी) किती, सेप्टम (रबरी बूच) शेवटचा कधी बदलला, नमुना तोलल्यापासून भांड्यात पडेपर्यंत किती वेळ उघडा राहिला, हे विचारा. पावसाळ्यात दमट हवेत अर्धा मिनिट उघडा राहिलेला नमुना वेगळाच आकडा देतो. स्टँडर्ड छोट्या एकेकदा वापरायच्या व्हायलमध्ये भरून ठेवणं हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय आहे.

फरक मशीनबरोबर राहिला तर

ग्रेडियंट मेथड असेल, म्हणजे द्रावकांचं प्रमाण चालू असतानाच बदलत जात असेल, तर आधी ड्वेल व्हॉल्यूम. पंपात दोन द्रावकं मिसळतात तिथपासून कॉलमच्या तोंडापर्यंतचं आकारमान मशीनगणिक बदलतं. जुन्या चार वाहिन्यांच्या कमी दाबावर मिसळणाऱ्या पंपात ते एक मिलिलिटरच्या आसपास असू शकतं, जास्त दाबावर मिसळणाऱ्या बायनरी पंपात त्याच्या निम्मं किंवा आणखी कमी. फरक ०.६ मिलिलिटर आणि फ्लो मिनिटाला ०.३ मिलिलिटर असेल तर ग्रेडियंट कॉलमवर दोन मिनिटं उशिरा किंवा लवकर पोचतो. लवकर निघणारे पीक यात सगळ्यात आधी हलतात, आणि एखादी इम्प्युरिटी मुख्य पीकच्या पोटात जाते.

मोजायचं कसं: कॉलम काढून तिथे युनियन लावा. एका बाटलीत पाणी, दुसऱ्या बाटलीत ०.१ टक्का ॲसिटोन घातलेलं पाणी, आणि २६५ नॅनोमीटरच्या आसपास डिटेक्टर. शून्य ते शंभर टक्के असा वीस मिनिटांचा सरळ ग्रेडियंट चालवा. सिग्नल निम्म्या उंचीवर कधी पोचला ते बघा, त्यातून दहा मिनिटं वजा करा, उरलेल्याला फ्लोने गुणा. दोन्ही लॅबनी आपापला आकडा काढावा. आकडे वेगळे निघाले तर ग्रेडियंटच्या सुरुवातीचा सपाट भाग तेवढा कमी-जास्त करता येतो. यूएसपीच्या ६२१ व्या प्रकरणात त्याची मुभा आहे. १ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या त्याच्या सुसंवादित आवृत्तीत कुठे किती हात फिरवता येतो ते स्पष्ट आहे: मोबाइल फेजचा (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाचा) पीएच ०.२ ने इकडेतिकडे, कॉलमचं तापमान आयसोक्रॅटिकमध्ये (द्रावकांचं प्रमाण कायम असताना) १० अंशांनी आणि ग्रेडियंटमध्ये ५ अंशांनी. ही मुभा फार्माकोपियातल्या मेथडची आहे. कंपनीची स्वतःची, मंजूर झालेली मेथड असेल तर आधी चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाची रीतसर मंजुरी.

मग मोबाइल फेज. बफरचा पीएच ऑरगॅनिक घालायच्या आधी लावला की नंतर? दोन्ही वेळी मीटर वेगवेगळे आकडे दाखवतो, आणि औषधाचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू आयन होतात तो आकडा) त्या पीएचच्या जवळ असेल तर रिटेन्शन, म्हणजे पीक निघायची वेळ, सरळ पळतो. "५० : ५० बफर आणि मिथेनॉल" म्हणजे दोन्ही वेगवेगळे मोजून मिसळायचे, की ५०० मिलिलिटर बफर घेऊन मिथेनॉलने लिटरभर करायचं? मिसळल्यावर आकारमान आक्रसतं, पाचशे-पाचशे मिसळून लिटर भरत नाही. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत मिथेनॉल थोडं जास्त पडतं. आणि कोणी बाटलीत मिसळतं, कोणी पंपाला मिसळायला लावतं. हे विचारलं की समोरचा म्हणतो, "त्यात काय विचारायचं?" विचाराच.

कॉलमच्या बाबतीत "सी१८, २५० गुणिले ४.६" एवढ्यावर कोणी समाधान मानू नये. कंपनीच्या नावाबरोबर पूर्ण ब्रँड आणि पार्ट नंबर हवा. कॉलम आधी कशाला वापरला होता तेही. आयन-पेअर रिएजंट प्यालेला कॉलम परत पूर्वीसारखा वागेलच असं नाही. शंका असेल तर आपला चालू कॉलम दोन दिवस त्यांना द्या. ही पाचवी अदलाबदल.

डिटेक्टरकडे शेवटी वळा. मोजायची वेव्हलेंग्थ स्पेक्ट्रमच्या माथ्यावर असेल तर एखाद्या नॅनोमीटरच्या फरकाने काही होत नाही. उतारावर असेल तर इम्प्युरिटीचे रिस्पॉन्स फॅक्टर बदलतात आणि स्लिटची रुंदीही बोलायला लागते.

डिझोल्यूशन

यावर एक अख्खा लेख होईल, इथे दोनच गोष्टी. मीडियममधली (गोळी ज्यात विरघळते त्या द्रवातली) हवा काढली का आणि कशी? यूएसपीची पद्धत आहे ४१ अंशांपर्यंत तापवायचं, लगेच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून व्हॅक्यूमवर ढवळत गाळायचं, आणि वर पाच मिनिटं व्हॅक्यूम तसाच ठेवायचा. दुसरी गोष्ट कंपन. औद्योगिक वसाहतीत शेजारच्या गाळ्यात प्रेसशॉप असणं काही नवीन नाही, आणि पॅडलच्या ५० फेऱ्यांवर बाहेरची थरथर भांड्यात पोचली की गोळी लवकर विरघळते. भोसरी-पिंपरी भागात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. तीच बॅच एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा गुरुवारी लावून बघा (त्या दिवशी देखभालीसाठी वीज जाणार नाही ना, हे आधी विचारा). आकडा खाली आला तर टेबलाखालचे रबर पॅड बदलायची वेळ झाली आहे.

निकषच चुकीचा असला तर

कधीकधी दोन्ही लॅब ठीक असतात आणि प्रोटोकॉल वाकडा असतो. अजूनही काही जण सरासऱ्यांवर टी-टेस्ट (फरक योगायोगाचा असू शकतो का ते सांगणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावतात आणि "लक्षणीय फरक नाही" आला की पास म्हणतात. सहा-सहा नमुने घेतले, दोन्हीकडे आरएसडी ०.२ टक्के आणि फरक फक्त ०.४, तर टी-टेस्ट नापास करते. आरएसडी १.८ आणि फरक १.५ असेल तर तीच टेस्ट पास करते. नीटनेटक्या लॅबला शिक्षा आणि गबाळ्या लॅबला बक्षीस, असा हा प्रकार. आधी ठरवा की किती फरक चालेल, आणि फरकाचा ९० टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याचा भरवसा आहे तो) त्या मर्यादेच्या आत बसतो का ते बघा. मर्यादाही स्पेसिफिकेशन बघून ठरवा. ९५ ते १०५ च्या गोळीला २.० टक्के चालून जातील. ९८ ते १०२ च्या कच्च्या मालाला तेवढा फरक म्हणजे पट्टा निम्मा खाल्ला.

इम्प्युरिटीसाठी ताजी बॅच पाठवणं म्हणजे वेळ घालवणं आहे. दोन्हीकडून "मोजण्याइतकी नाही" असा रिपोर्ट येतो, ट्रान्सफर पास होते आणि काहीच सिद्ध होत नाही. स्टॅबिलिटीतली जुनी बॅच घ्या, नाहीतर मर्यादेच्या जवळ इम्प्युरिटी मुद्दाम घालून नमुना बनवा.

तुलनात्मक चाचणी हा एकच मार्ग आहे असंही नाही. यूएसपीचं १२२४ वं प्रकरण को-व्हॅलिडेशन (दोन्ही लॅबनी मिळून केलेलं व्हॅलिडेशन), पुनर्व्हॅलिडेशन आणि योग्य कारण असेल तर ट्रान्सफरमधून सूट, हे पर्यायही देतं. नवं उत्पादन असेल आणि लॅब आधीच ठरली असेल तर को-व्हॅलिडेशनमध्येच त्यांना ओढा. आपल्या हाताच्या सवयी तेव्हाच उघड्या पडतात. आणि फार्माकोपियातली मेथड असेल तर प्रश्न व्हेरिफिकेशनचा (ती आपल्याकडे नीट चालते हे दाखवण्याचा), तो १२२६ व्या प्रकरणात.

कागद

लॅबकडे फॉर्म ३७ ची (औषध तपासायची सरकारी) मान्यता आहे आणि आपला पदार्थ व चाचणी त्या मान्यतेच्या यादीत बसते, हे करार करतानाच बघायचं असतं; रिपोर्ट फॉर्म ३९ मध्ये येतो. एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) आयएसओ १७०२५ प्रमाणपत्र चांगलं, पण ते या मान्यतेची जागा घेत नाही. क्वालिटी अ‍ॅग्रीमेंटमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं कलम वाटतं ते हे: ओओएस आल्यावर किती वेळात कळवायचं, कच्चा डेटा कोण कोणाला दाखवणार, आणि आपल्याला न विचारता रिटेस्ट करायचं नाही. डेटाची आणि व्हायलची अदलाबदलही त्यातच लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी "आमच्या पॉलिसीत बसत नाही" ऐकावं लागत नाही.

ट्रान्सफर पास झाल्यावर वाटून घेतलेल्या त्या पावडरच्या काही बाटल्या दोन्हीकडे सीलबंद ठेवा, तिच्या स्थिरतेची खात्री असेल तितक्या काळापुरत्या. रुटीन बॅचसोबत अधूनमधून ती लावायची आणि आकडे एकाच आलेखावर टिपायचे. रेघ सरकायला लागली की कॉलमचा लॉट, स्टँडर्डची बाटली आणि अ‍ॅनालिस्ट यांपैकी त्या तारखेला काय बदललं ते दोन्ही नोंदवह्यांत बघा, त्यांच्या आधी आपल्या.